कातडीच्या तटावरील देवडीवाल्याची लाजिरवाणी हकिकत

ज्या राज्याचे अन्न खाल्ले त्याचे नाव घेण्यास तोंड उरले नाही, म्हणोन नाव न घेता, दुरूनच नमन करून लिहितो ऐसीजे. राज्यास बावन्नावे वर्ष लागले, उन्हाळा मातबर, ते समयीची गोष्ट. राज्य म्हणजे एक देह, आणि त्याचा तट म्हणजे कातडी. संप्रेरक नामे जासूद रक्ताचे वाटेने हुकूम घेऊन येत आणि तटावर ग्राही, म्हणजे आम्ही देवडीवाले, ते हुकूम घेत असू. शेजारची देवडी रखमोजींची. ते हुकूम येता "हात आवरा, वाढू नका" ऐशी ललकारी देत. आमची ललकारी "पुढे चला". शिक्का जुळला की ललकारी द्यावी, कोण चालतो ते पाहू नये, हा आमचे देवडीचा रिवाज आणि त्याचा आम्हांस मोठा ताठा.

तटावर काळोजी नामे तीळ नांदत असे. लोक त्यास शोभेचा म्हणत. मग वर्षानुवर्षे उन्हाचा मारा लागून त्याची बुद्धी फिरली आणि तो कर्करोग होऊन पसरू लागला, आणि रखमोजींची माणसे एकेक करून नाहीशी जाहली. मग रखमोजी स्वतः आमचे उंबऱ्याशी आले आणि बोलिले, "अहो, काळोजी फितूर झालाय. माझ्याकडं आवरायला माणूस उरला नाही. तुम्ही चार दिवस ललकारी थांबवा, नाहीतर तो खाली रक्ताच्या वाटेला लागेल."

आम्ही मिशीस पीळ देऊन बोलिलो, "शिक्का खरा असतो आमच्याकडं. तुमच्या देवडीचं तुम्ही बघा."

रखमोजी गेले ते पुन्हा दिसले नाहीत. मग जासूद आला, शिक्का जुळला, आणि आम्ही घसा फोडून "पुढे चला" ओरडलो, आणि काळोजीची फौज आमचेच उंबऱ्यावरून तट पोखरीत खाली उतरली. वर आम्ही त्या फौजेस मुजराही केला. हे लिहिताना मान वर होत नाही.

मग बाहेरून वैद्यबाई पातल्या, आणि त्यांनी सुरी चालवून काळोजीसकट आमच्या देवड्या कापून काढिल्या, आणि आम्हांस काचेवर निजवून, जागत्या देवडीसच लागतो ऐसा रंग चढविला. रखमोजींची देवडी शोधिली, एक न मिळे. आमची गच्च रंगली. बाई सूक्ष्मदर्शकाचे नळीतून पाहून बोलिल्या, "हे तर सगळे जागेच होते!" तोंड लपवावे तर जागा नाही, खालून उजेड.

सारांश इतकाच की, रखमोजींनी सांगितले होते आणि आम्ही ऐकिले नाही. राज्य तगले की बुडाले, काचेवर खबर येत नाही. हुकूमही येत नाही. आला तरी आता आम्ही ललकारी देणार नाही.