ताईबाईला आतून कळलं

"ज्ञानू गेला!" केंदूरच्या ताईबाईने थापत आणलेली भाकरी परातीत टाकली आणि कपाळाला हात लावला.

"कुठं गेला?" तिचे यजमान बापूसाहेब पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

"अहो, देवाघरी! माझा भाऊ! मला आतून कळलं."

हे आतून कळणं बापूसाहेबांनी पुष्कळ सोसलं होतं. पण सासूबाई गेल्या तेव्हाही बाई आदल्या दिवशीच रडली होती. त्यांनी दौंडला मेव्हण्याला फोन लावला. बंद. मेव्हण्याची बायको सविता माहेरी गेलेली. तिला असलं कसं विचारायचं? शेवटी कारेगावच्या भाच्याला, पप्पूला, लावला. "जरा बघ रं, ज्ञानूमामाचं कायतरी बरंवाईट..."

पप्पू कंपनीत ड्युटीवर होता. मशीनच्या घरघरीत 'बरं' विरून गेलं, 'वाईट' तेवढं पोचलं. त्याने ज्ञानूचा लग्नातला फेटा-गॉगलवाला फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. अंत्यविधी दुपारी, दौंड.'

दुपारी ज्ञानूच्या दारात ताईबाई-बापूसाहेबांसह भावकीच्या दोन जीपगाड्या थांबल्या. बायकांनी उतरता उतरताच हंबरडा फोडला. तो ऐकून आतून बनियनवर ज्ञानूच धावत बाहेर आला.

"कोण गेलं?"

पप्पूने हार पाठीमागे लपवला. भावकीतले म्हातारे आप्पा तेवढे म्हणाले, "तूच. पन असू दे आता."

मग जो हशा उसळला, तो थांबेना. बापूसाहेबांनी रडत निघालेल्या सविताला फोन करून 'जित्ता हाय' म्हणून कळवलं, जमलेल्या बायकांना चहा टाकायला लावला आणि ओट्यावर बसून बायकोची नक्कल सुरू केली. "मला आतून कळलं वो!" लोक पोट धरून हसत होते.

ताईबाई मान खाली घालून मोरीत कपबशा विसळत होती. ज्ञानू आत आला, त्याने दार लोटलं.

"आक्का, तुला कसं कळलं?"

"काय रं?"

"काल पुण्यात रिपोर्ट मिळाला. लई पसरलंय म्हनत्यात. म्हनून फोन बंद ठिवला. सविताला आजून सांगितलं न्हाई."

ताईबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मला मेलीला काय कळतंय?" ती म्हणाली. "माझं कवा खरं झालंय, सांग बरं?"

तिने विसळलेली कपबशी उचलली आणि पुन्हा विसळायला घेतली.