तीन मॉनिटर आणि समोरची खुर्ची

मॉनिटर कसा निवडावा, हे मला कोणी शिकवू नये! या विषयावर मी इतकं वाचलंय की तेवढं कॉलेजात वाचलं असतं, तर आज मीच कोणाचा तरी साहेब असतो. सत्तावीस इंची की बत्तीस, सपाट की वाकडा, चकचकीत की मंद, एक मोठा की दोन मध्यम, विचारा, काहीही विचारा! फक्त तो टेबलावर ठेवल्यावर पलीकडे काय उरतं, ते विचारू नका. ते मला फार उशिरा कळलं.

आमच्या घरात कामाचं टेबल एकच. खरं तर जेवणाचं. मी प्रोग्रॅमर, आणि बायको शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासते. दोघांचंही काम घरून. या बाजूला मी आणि माझा चिमुकला लॅपटॉप, त्या बाजूला ती, तिचा प्रुफांचा गठ्ठा आणि लाल पेन. कित्येक वर्षं असं चाललं होतं आणि उत्तम चाललं होतं. पण माणसाला उत्तम चाललेलं बघवत नाही, आणि स्वतःचं तर अजिबातच नाही!

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. प्रोग्रॅम अडला, चूक सापडेना, की ती अडचण कोणाला तरी मोठ्यानं समजावून सांगायची. ऐकणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही तरी चालतं. सांगता सांगता सांगणाऱ्यालाच चूक दिसते. काही प्रोग्रॅमर यासाठी टेबलावर रबरी बदक ठेवतात. माझ्याकडे बायको होती. मी म्हणायचो, "अगं, ऐक ना." ती पेन कानावर खोचायची, हनुवटीखाली हात घ्यायची आणि मी थांबलो की एवढंच म्हणायची, "मग?" तिसऱ्या-चौथ्या 'मग'ला चूक सापडायचीच! मी आनंदानं ओरडायचो, ती "छान" म्हणायची आणि पुन्हा आपल्या ऱ्हस्व-दीर्घांकडे वळायची. ऑफिसात मी हुशार गणला जात होतो तो असा, दुसऱ्याच्या 'मग'वर.

पण माझ्या डोक्यात मॉनिटर शिरला.

"तीन लागतील," मी जाहीर केलं.

"डोळे दोनच आहेत ना रे तुला?" बायकोनं विचारलं.

"अगं, मधल्यावर कोड लिहायचा. डावीकडे प्रोग्रॅम चालताना दिसतो. आणि उजवीकडचा उभा!"

"उभा म्हणजे? तो बसत नाही?"

"आडवा मॉनिटर उभा फिरवायचा. म्हणजे लांबलचक कोड एका नजरेत दिसतो. तूही घे एक. दोन पानं शेजारी-शेजारी दिसतील."

"मला एका वेळी एकच पान पुरतं," ती म्हणाली आणि तिनं एका वेलांटीला गोल केला.

मॉनिटर बसवायला मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला यंत्रांतलं सगळं कळतं असं तो म्हणतो, आणि मला कळतं असं मी म्हणतो. त्यामुळे स्टँड आधी उलटे बसले, मग सुलटे बसले, पण टेबलाच्या चुकीच्या बाजूला. शेवटी बत्तीस इंची मधे, सत्तावीस इंची डावीकडे आणि दुसरा सत्तावीस इंची उजवीकडे उभा, असा तट उभा राहिला. मी खुर्चीत बसलो. काय ते वैभव! विमान चालवायला बसल्यासारखं वाटत होतं.

मेहुणा मागे उभा राहून डोकं खाजवत होता.

"भाऊजी, सगळं झकास आहे. पण ताई दिसत नाही यातून."

"ताईकडे बघून कोड लिहायचा असतो का?" मी म्हणालो.

हे वाक्य मी बोललो. मीच. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पहिल्या दिवशी पलीकडून आवाज आला, "अरे, इथे अंधार पडलाय."

साहजिक होतं. खिडकी माझ्या मागे. तिचा उजेड आता सगळा माझ्या मॉनिटरना मिळत होता आणि बायकोच्या वाट्याला वायरी, तीन काळ्या पाठी आणि गरम हवा. तिनं बिचारीनं एक टेबललॅम्प आणला. भर दिवसा दिवा लावून प्रुफं तपासायला लागली.

तर तो दिवा मधल्या आणि उभ्या मॉनिटरच्या फटीतून थेट माझ्या डोळ्यात! आणि मी काय म्हणावं?

"अगं, तो दिवा जरा हलव ना. त्रास होतोय."

तिनं दिवा हलवला. दिव्याबरोबर खुर्ची हलवली. खुर्चीबरोबर गठ्ठा टेबलाच्या कोपऱ्यावर गेला. चहाही त्याच फटीतून यायला लागला. आधी कप दिसायचा, मग दोन बोटं. मी कप घ्यायचो, "थँक्यू" म्हणायचो आणि पुन्हा कोडात डोकं घालायचो. बोटं निघून जायची. एकदा मी कप घेतलाच नाही, तेव्हा बोटं बराच वेळ तिथे थांबली होती, असं तिनं नंतर सांगितलं.

मधूनमधून पलीकडून काहीतरी बोलणं यायचं. मी "हं," "हो हो," "छान, छान" असं म्हणत राहायचो. बायकोशी बोलताना हे तीन शब्द पुरतात, असा माझा समज होता.

अशात एक बग आला, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. आम्ही बसच्या आरक्षणाचा प्रोग्रॅम लिहितो. त्यात झालं असं, की प्रवासी मधल्याच थांब्यावर उतरून जायचा, पण आमचा प्रोग्रॅम म्हणायचा की तो अजून जागेवरच बसलाय! रिकाम्या जागा आणि 'गाडी भरली' अशी पाटी. लोक ताटकळत, कंडक्टर वैतागलेले, आणि ऑफिसात आमच्या मॅडम लालबुंद. सकाळच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये त्यांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "आज सापडेल ना?" मी म्हटलं, "आजच!" आणि मीटिंग संपली म्हणून विंडो बंद केली.

तीन मॉनिटरवर मिळून पंधरा-वीस विंडो उघड्या होत्या. मी बंद केली ती दुसरीच. आणि मीटिंगही माझ्यापुरतीच संपली होती, बाकी सगळे बग सापडेपर्यंत तिथेच मुकाट्यानं काम करत बसले होते. पण उभ्या मॉनिटरवर कोडाच्या मागे लपलेली ती मीटिंग मला दिसते कशाला!

बराच वेळ डोकं आपटलं. शेवटी जुना उपाय आठवला. मी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि तटाकडे तोंड करून म्हणालो, "अगं, ऐक ना."

पलीकडून आवाज आला, "हं?"

"प्रवासी उतरून गेलाय, पण आपण म्हणतोय तो बसलाय."

"मग?"

आहाहा! किती दिवसांनी ऐकला तो 'मग'! जरा घोगरा वाटला, पण जिवाला बरं वाटलं.

"घसा बसलाय का गं तुझा? गरम पाणी पी."

"...बरं."

"तर काय झालंय, हा कोड आमच्या मॅडमनी लिहिलेला. त्यांच्या उमेदीच्या काळात. बाई हुशार, पण घाई फार!"

"मग?"

"मग काय! तिला सांगायचं कोणी? तोंड बघितलंयस का तिचं? चूक दाखवली तर कच्चं खाईल!"

"मग?"

"तो प्रोग्रॅम काय करतो, गाडी सुटताना एकदाच विचारतो, 'बसलात का?' माणूस म्हणतो, 'बसलो.' संपलं! त्यानंतर तो आहे की गेला, कोणी विचारतच नाही... अगं, हेच! कोणी विचारतच नाही! सापडला! सापडला बग!"

"अभिनंदन," उभा मॉनिटर म्हणाला. "आता तो दुरुस्त करा. आणि माझं तोंड बघायचं असेल तर ते उजवीकडे आहे."

मी डोळे उघडले. कोडाची विंडो बाजूला सारली. मागे मॅडम! त्यांच्याखाली आमची सगळी टीम, एकाखाली एक, अगदी एका नजरेत दिसत होती. उभ्या मॉनिटरचा तोच तर फायदा! काहीजण तोंडावर हात धरून हसत होते. मॅडम हसत नव्हत्या. त्या गरम पाणी पीत होत्या.

कशीबशी माफी मागून मी उठलो. हे आत्ताच्या आत्ता बायकोला सांगायला हवं होतं! ती पोट धरधरून हसली असती. मी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेलो.

खुर्ची टेबलाखाली नीट सारलेली होती. दिवा नव्हता. गठ्ठा नव्हता.

मी फोन लावला. "अगं, कुठेयस तू?"

"कुठे म्हणजे? आमच्या प्रकाशनाच्या ऑफिसात."

"कधीपासून?"

"परवापासून. तुला सांगितलं होतं ना, इथेच बसून काम करते म्हणून. तू म्हणालास, 'छान, छान.'"

"पण काल दुपारी मी तुला मॅडम किती चिडल्यात ते एवढं सांगत होतो..."

"कोणाला?" तिनं विचारलं.

ती चिडलेली असती तर परवडलं असतं. ती चिडलेली नव्हती, तिच्या आवाजात नुसती कामाची घाई होती. मी तिथेच तिच्या खुर्चीत बसलो आणि तिला इतके दिवस काय दिसत होतं ते बघितलं. वायरी आणि तीन काळ्या पाठी. मला फार वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी मेहुण्याला बोलावून तिन्ही मॉनिटर उतरवले. "मी तर तेव्हाच म्हणालो होतो, भाऊजी," असं म्हणत तो तिन्ही घेऊनही गेला. बायकोची मी मनापासून माफी मागितली. म्हटलं, नाही करमत गं, ये परत. ती आधी नाही म्हणाली. ऑफिसात मैत्रिणी झाल्या होत्या, उजेड होता. मी रोज विनवत राहिलो, तेव्हा कुठे म्हणाली, "बरं. आठवड्यातून एक दिवस घरून करेन."

तो दिवस उजाडला. मी टेबल पुसून लख्ख केलं. तिची खुर्ची खिडकीच्या बाजूला मांडली, मी स्वतः अंधाराच्या बाजूला बसलो. मधे माझा चिमुकला लॅपटॉप सोडला तर काहीही नाही! ती आतून आली ती दोन्ही हातांनी एक भलंमोठं खोकं छातीशी धरून.

"ऑफिसनं दिलाय," ती म्हणाली. "यावर दोन पानं शेजारी-शेजारी दिसतात रे! मी उगाच नको म्हणत होते. तुझं अगदी बरोबर होतं!"

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं. आणि मग तिनं तो मॉनिटर आमच्या दोघांच्या बरोब्बर मधे उभा केला.

"अगं, ऐक ना," मी म्हणालो.

"हं," पलीकडून आवाज आला. "छान, छान."