पमावहिनींची आरपार कांडी

जवळ सरक जरा. आणि तो मोबाईल पालथा ठेव आधी. ‘येऊ, येऊ’ म्हणत किती उन्हाळे घालवलेस. मुलुंडला यायला काय पासपोर्ट लागतो? निदान आमच्या शेजारच्या पमावहिनींबद्दल तरी ऐकून घे, म्हणजे दारात आल्यावर दचकायला होणार नाही.

कारण पमावहिनी पाहुण्याला बस म्हणत नाहीत. आधी फ्रीजमधून फळांची बर्फाची कांडी काढतात, ट्यूबलाइटखाली धरतात आणि विचारतात, "बघ हयसून. काय दिसता?"

"आंब्याची फोड."

"आनी?"

"दोन जांभळं."

"आनी?"

"आणि पलीकडून तुम्ही, वहिनी."

"मगे घे."

घाईत नुसतं ‘दिसलं सगळं’ म्हटलं, की पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. तोवर कोपरापर्यंत ओघळ आलेले असतात.

कृती सोपी आहे. स्टीलच्या ग्लासात शहाळ्याचं पाणी, त्यात फळांच्या फोडी, आणि अर्धवट गोठलं की मधोमध घरातला चमचा रोवायचा. काडीबिडी नाही, चमचाच. साखर नाही, रंग नाही, दुधाचं तर नाव काढायचं नाही. चमचा मात्र धुऊन स्वतः परत आणून द्यायचा. एका मे महिन्यात सगळे चमचे असे बिल्डिंगभर फिरायला गेले आणि वहिनींनी चहा उलथन्यानं ढवळला.

दुसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका एकदा चोखता चोखता बोलून गेले, "झकास, वहिनी! नुसतं चमचाभर दूध पडलं असतं ना..." वाक्य पुरं झालं नाही. वहिनींनी कांडी त्यांच्या तोंडातून ओढून घेतली. काकांची कवळी थोडक्यात वाचली.

आता हीच बाई एके काळी काय होती म्हणशील? खरवस करावा तर पमावहिनींनी. तुपाशिवायच्या भाताला त्या ‘दवाखान्याचो भात’ म्हणायच्या. आग्रह तर असा, की नको म्हणणाऱ्याचा हात बाजूला सारून वाढायच्या. नवरा गिरणीतला, तो लवकर गेला. मागे एकच मुलगा, संदेश. सगळा आग्रह त्या एका ताटात.

त्या संदेशनं दूध, तूप, दही, सगळं सोडलं. ते वासराच्या वाटचं असतं, आपलं नाही, असं त्यानं आईला नीट बसवून समजावलं. वहिनी हो म्हणाल्या. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "पोर सुकलो गो माझो. चमचाभर तूप वरनात ढवळलंय तर तेका काय कळता?"

मी म्हटलं, "नका हो." माझं कोण ऐकतंय!

जेवायला बसताना त्यानं विचारलं, "आई, तूप नाही ना?"

"नाय रे बाबा."

वरण निवलं आणि वर तवंग आला. संदेशनं चमचा खाली ठेवला. "आई, मी विचारलं होतं तुला." एवढंच बोलला. चार शिव्या घालून आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतरही तो येतो. परदेशात नाही, पवईला राहतो. पण चपला काढायच्या आधी म्हणतो, "जेवून आलोय." सकाळी आला तरी जेवून आलेला, गणपतीला आला तरी जेवून आलेला. पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची.

वहिनींनी दूधवाला बंद केला. तुपाची बरणी माझ्या ओट्यावर आणून आदळली. आणि मग हा कांडीचा नाद लागला. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, त्याला नारळाच्या रसातल्या शेवया करून घाला, सोलकढी द्या. कांडीच काय घेऊन बसलात?"

"तेच्यात काय घातलंय ता दिसता काय कोनाक?" कांडी उजेडात फिरवत त्या म्हणाल्या. "हेच्यात कायच लपवूक जमना नाय."



गेल्या महिन्यात संदेश आला तेव्हा मी तिथेच होते. "जेवून आलोय." वहिनी ‘घे’ म्हणाल्या नाहीत. आग्रह त्यांनी तुपाबरोबरच घराबाहेर काढलाय. कांडी उजेडात धरली आणि बशीत घालून त्याच्यासमोर ठेवली. चमच्यावर कोरलेलं ‘चि. संदेश’. त्याच्या बारशातला चमचा. तो कांडीकडे बघत बसला, वहिनी त्याच्याकडे. वर पंखा. मी मनात ओरडतेय, खा रे मेल्या, चाट तरी! आणि तोंडानं सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलतेय.

शेवटी बशीत नुसतं पाणी उरलं आणि दोन जांभळं. संदेश उठला, बशी रिकामी केली, चमचा धुतला, पुसला, मांडणीवर जागच्या जागी ठेवला. "येतो गं, आई."

दार लागल्यावर वहिनी लगेच शहाळं फोडायला बसल्या. "चमचो धुवन ठेवल्यान," त्या म्हणाल्या. पोरगा वर्गात पहिला आल्यासारखं.

तो कधी खाईल असं मला नाही वाटत. हे तिथे बोलू नकोस.

पण तू ये. ट्यूबलाइटखाली धरतील तेव्हा ‘हो हो’ म्हणून उरकू नकोस, एकेक फोड नीट बघून सांग. ओघळू दे हातावर. चमचा घरी घेऊन जा, म्हणजे परत द्यायला पुन्हा येशील. शहाळी फोडून ठेवलेली असतात, फ्रीज भरलेला असतो. ये बाबा लवकर.