वाल्मीकरावांच्या मुठींची मोहीम

शके १९१३, प्रजापतीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध पौर्णिमेचे दिवशी, धरणगाव मुक्कामी, वाल्मीकरावांचे उजव्या अंगठ्याचे पेरावर, नखापासून दोन सूत खाली, ज्वारीच्या दाण्याएवढी जागा बधिर जाहली. जागा एवढीशी, परंतु तिजपायी पुढे एकोणीस दिवस जे रण माजले, त्याची हकीकत येथे लिहिली आहे. जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही. वाचणारांनी शांत चित्ते वाचावे, आणि हसू आलेच तर मिशीत हसावे.

प्रथम त्या अंगठ्याचा अधिकार सांगणे अवश्य. वाल्मीकराव हे गावाबाहेरील, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनातले पारखी. शेतकऱ्याची गाडी फाटकात उभी राहावी, आणि वाल्मीकरावांनी कोपरापर्यंत हात खुपसून बुडचा कापूस वर काढावा, आणि अंगठा-तर्जनीचे चिमटीत धागा ताणावा, आणि ओल किती, लांबी किती, किडका किती हे डोळे मिटून जाणावे, आणि मग एकच शब्द बोलावा. 'एक नंबर' म्हटले तर धन्याने टोपी सावरावी, 'दोन नंबर' म्हटले तर बैलांकडे पाहत उभे राहावे. त्या शब्दावर फिर्याद नव्हती. चौदा हंगामांत पडला शब्द वाल्मीकरावांनी एकदाही मागे घेतला नव्हता, आणि हीच त्यांची इभ्रत. आता अंगठाच बधिरला तर पारखी कसला, या धास्तीने त्यांस अन्न गोड लागेना.

बधिरतेचे मूळ सायकलीत होते. दसऱ्याचे सीमोल्लंघन म्हणोन वाल्मीकराव धुळे शहरावर चालोन गेले होते, आणि तेथून जाड टायरांची, सरळ दांड्याच्या हँडलची, डोंगर चढणारी म्हणोन नव्याने निघालेली सायकल जिंकून आणली होती. घर ते जिन या दीड कोसांत डोंगर तर सोडाच, साधा चढही नव्हता. होते ते खड्डे. आणि हँडलावरच्या मुठी होत्या कडक प्लॅस्टिकच्या, सबब प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट अंगठ्यास पोचे. मुठी बदलाव्यात इतके पहिल्याच दिवशी ठरले. कोणत्या, हे ठरेना.

मग छगनशेठ सायकलवाल्यांच्या दुकानास वेढा पडला. छगनशेठांनी कोठार उघडोन लाल मुठी, निळ्या मुठी, टोकास झिरमिळ्या लोंबणाऱ्या मुठी, स्पंजाच्या आणि रबराच्या ऐशा सात जोड्या गल्ल्यावर मांडल्या. वाल्मीकरावांनी एकेक जोडी दाबली, वास घेतला, उन्हात धरली, आणि विचार करोन सांगतो म्हणोन स्वारी माघारी फिरली. दुसरे दिवशी तेच. चौथे दिवशी छगनशेठ म्हणाले, "वाल्मीकभाऊ, शंभर गाड्या तुम्ही एका चिमटीत पारखतात, अन् या दोन मुठींनी तुमचं काय घोडं मारलं हो?"

"कापसाचं काय, कापूस बोलतो," वाल्मीकराव उत्तरले. "रबर बोलत नाही."

खरे कारण त्यांनी सांगितले नाही. चूक निवड होईल, आणि ती रोज दोन वेळा आपल्याच हाताखाली येऊन आपणांस चूक म्हणेल, याचे त्यांस भय होते. चौदा वर्षे न चुकलेल्या माणसास चुकण्याचा सराव नसतो.

अखेर कायमचे नव्हे, केवळ अजमासास म्हणोन स्पंजाची जोडी नेली. स्पंज मऊ, अंगठा खूष. परंतु जिनात कापसाची रुई उडते, ती स्पंजास बिलगली, आणि सायंकाळी फाटकातून बाहेर पडले तेव्हा हँडलावर दोन पांढरे ससे बसले आहेत ऐसे तमाम गावाने पाहिले. जोडी परत गेली. घरी लाल, निळ्या व हिरव्या मुठी नमुन्यादाखल पिठाच्या डब्यावर ठाण मांडून होत्या. त्यावर पत्नी नर्मदाबाई यांनी हुकूम फर्मावला की दिवाळीचा फराळ या डब्याशेजारी होणार आहे, तरी फौज उठवावी, अथवा मुठी तळून खाव्यात. फौज खुंटीवर टांगली गेली. निकाल लागला नाही.

पाडव्यास काळ्या रबराची जोडी, तीही अजमासासच, चढली. आडव्या नऊ वळ्यांची, नरम, जणू लोण्यात बोट रुतावे. तिसरे दिवशी अंगठ्यावरील बधिर दाणा नाहीसा जाहला, आणि वाल्मीकराव इतके हर्षले की निकाल ओठांवर आला. परंतु आणखी दोन दिवस पाहू, म्हणोन गिळला.

आणि मग कार्तिक शुद्ध पंचमी उगवली. जिनापुढे तेवीस गाड्यांची रांग. उन्हे कडक, आणि सायकल पत्र्याच्या भिंतीशी उन्हातच उभी. दुपारी घरी जेवोन वाल्मीकराव त्याच सायकलीवर परतले आणि कामास लागले, तो पहिल्याच गाडीच्या कापसात काळा, चिकट डाग. कपाशीवर मावा पडला म्हणजे बोंडांवर काळा चिकटा धरतो, तो सर्वांस ठाऊक. दोन नंबर. दुसऱ्या गाडीत चिकटा, दोन नंबर. तिसरीतही. चौथी गाडी एरंडोलाकडील द्रौपदाबाईंची. वय साठीचे, बैल स्वतः हाकून आलेल्या. वाल्मीकरावांनी हात घातला, चिमूट ताणली, डाग पाहिला.

"दोन नंबर. चिकटा."

आधीच्या तिन्ही धन्यांनी मान खाली घालोन गाड्या बाजूस घेतल्या होत्या. द्रौपदाबाई हलल्या नाहीत.

"चिकटा? मना कापूसले? भाऊ, बठ्ठा कापूस मी सोता येचेल शे. चिकटा ऱ्हाता तं मना हातले नही लागता का?"

सारा कापूस आपणच वेचला ऐसे बजावोन त्यांनी आपला पंजा पुढे केला. भेगाळलेला, बोंडांनी ओरखडलेला, आणि स्वच्छ. मग गाडीतून स्वतः एक मूठ कापूस काढून त्यांनी उन्हात धरला. डाग नव्हता.

"आते तुना हात दखाड."

वाल्मीकरावांनी तळवा उघडला. अंगठ्याच्या बुंध्यापासून करंगळीपर्यंत सारख्या अंतरावर नऊ काळ्या रेघा उमटल्या होत्या. रबर उन्हाने पाघळले होते. चार वेगळ्या गावांच्या चार गाड्यांत एकाच दुपारी चिकटा कसा आला, हा प्रश्न चौदा हंगामांच्या पारख्यास पडावयास हवा होता, आणि पडला नव्हता.

वजनकाट्यावरील रुपचंद जवळ येऊन कुजबुजला की भाऊ, शब्द मागे घेतला तर उद्या गाडीगणिक भांडण, हात पुसा आणि पुढची गाडी बोलवा. मसलत शहाणपणाची होती. मागून कोणी ओरडले, "काय झाया रे पुढे? झोपनात का?" द्रौपदाबाई बैलाच्या पाठीवर हात ठेवून वर्षाचा कापूस पाठीशी घेऊन उभ्या राहिल्या.

वाल्मीकराव हौदाकडे चालते जाहले. मातीने हात घासला, मग साबणाने, मग पुन्हा मातीने, आणि धोतराच्या सोग्यास पुसोन पांढरा फटक पडल्याची खात्री केली, आणि परत येऊन गाडीत तीन ठिकाणी हात घातला, आणि तीन चिमट्या ताणल्या. तिन्ही निर्मळ, धागा लांब.

"एक नंबर," ते म्हणाले. मग रांगेकडे वळोन पुन्हा म्हणाले, "एक नंबर! दुपारपासून ज्या तीन गाड्या चिकटा म्हणून काढल्या, त्या परत आणा. पुन्हा पाहतो. सायकलीच्या मुठींचं रबर पाघळलंय. डाग कापसाचा नव्हता. माझ्या हाताचा होता."

कोणी भांडावयास आले नाही. कोणी एक हसला, आणि मग तेवीस गाड्यांची रांग हसली, आणि रुपचंदही तोंड फिरवून हसला, आणि वाल्मीकरावांस आश्चर्य ऐसे वाटले की पायाखालची जमीन होती तेथेच होती.

"भला माणूस शे," द्रौपदाबाई म्हणाल्या. "पन मी काय म्हंतस, आते त्या सायकलले काय लावशी?"

छगनशेठांच्या सात जोड्या, खुंटीवरील तीन, एकोणीस दिवसांची खलबते, सारे वाल्मीकरावांचे डोळ्यांपुढून गेले. मग त्यांची नजर द्रौपदाबाईंच्या हातातील कासऱ्यावर पडली. हात धरतो तेवढ्या भागास विटक्या लुगड्याची पट्टी घट्ट वेटाळलेली होती, वापरून वापरून मऊ जाहलेली. वाल्मीकरावांनी ती चिमटीत धरली आणि एकदा ताणली.

येणेप्रमाणे कार्तिक शुद्ध पंचमीस, दिवस मावळण्यापूर्वी, तेवीस गाड्या, सेहेचाळीस बैल आणि काटेवाले रुपचंद यांचे साक्षीने मुठींची मोहीम फत्ते जाहली. एकही मूठ विकत न घेता जाहली, हे छगनशेठांस कळवावे. आणि विचार करोन सांगतो हे शब्द न उच्चारता, रांगेच्या शेवटच्या गाडीस ऐकू जाईल ऐशा आवाजात, खुद्द वाल्मीकरावांनी निकाल दिला तो ऐसा:

"चिंधी. सुती. घरच्या जुन्या लुगड्याची."