दुपारपर्यंत उघडेल

समुद्रकाठच्या त्या लॉजमध्ये फोन घेणाऱ्या बाईला 'धुकं' हा शब्द उच्चारायची बंदी होती. ऊन कसं आहे, असं कुणी विचारलं की गोड आवाजात म्हणायचं, "सकाळी हवा जरा मऊ असते, दुपारपर्यंत उघडेल." हा मालकांचा नियम. खरं तर त्या किनाऱ्यावर धुकं एकदा बसलं की जेवायला थांबलेल्या पाहुण्यासारखं मुक्कामच ठोकायचं. पण बाईच्या जिभेला ते वाक्य इतकं वळणी पडलं होतं, की आईशी बोलतानाही तेच निघालं.

"डॉक्टर म्हणतात, नजर जाणार. काय बघायचं ते बघून घ्या," आईनं फोनवर भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं होतं. "मला तेवढा समुद्र दाखव. ऊन असतं ना गं तिकडं?"

"सकाळी हवा जरा मऊ असते…" बोलता बोलता तिनं जीभ चावली. पण आईनं तोवर पिशवी भरायला घेतली होती.

आई आली आणि तिच्या पाठोपाठ धुकंही आलं. गॅलरीतल्या खुर्चीत आई दिवस दिवस बसून राही. लेक फोनच्या टेबलापासून उठून सारखी डोकावे, कठड्यापलीकडचा पांढरा गोळा बघे आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घाले. कुणाची नजर संपत आलीय, याची त्या मेल्याला काही चाड?

त्यातच लॉजवर उतरलेले टोपीवाले काका टेबलाशी येऊन उभे राहिले. उन्हासाठी म्हणून त्यांनी मोठी टोपी आणि काळा चष्मा घेतला होता. घेतलाय तर घालायचाच, या हट्टापायी ते धुक्यातही चष्मा लावून हिंडत आणि खांबांची माफी मागत.

"बाई, तुम्ही फोनवर काय म्हणाला होता?"

"दुपारपर्यंत उघडेल, म्हणाले होते."

"कुठल्या दिवसाच्या दुपारपर्यंत?"

काकांचा आवाज चढला. मालक आतून डोकावले. लेकीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात गॅलरीतून आई म्हणाली, "अहो, तिला काय बोलता! ती बघा, होडी दिसायला लागली की."

"कुठाय?" काका धावले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"जरा डावीकडे."

सगळा लॉज कठड्याला येऊन चिकटला. एक नवी नवरी म्हणाली, "हो हो, मलाही दिसली!" मागे कसं राहायचं, म्हणून तिच्या नवऱ्याला दोन दिसल्या. काकांना काहीच दिसेना. पण एवढ्या लोकांत तसं कबूल कोण करणार? "छान आहे," ते म्हणाले.

मालकांना आनंद मावेना. "चला, जवळून दाखवतो!" म्हणत त्यांनी वरात काढली. लेकही आईचा हात धरून निघाली. बाहेर आपलाच हात आपल्याला दिसत नव्हता. बरंच चालून झाल्यावर पुढून मालक ओरडले, "आला! हा आला समुद्र! गार गार लागतोय बघा!" आणि ते लॉजच्या मागच्या अंगणात, कित्येक दिवस वाळत घातलेल्या आणि न वाळलेल्या चादरींत शिरले. काकांनी एका चादरीला मिठी मारली आणि तिचीही माफी मागितली.

"लाटांचा आवाज पाठीमागून येतोय," आई शांतपणे म्हणाली. "माझ्यामागून या सगळे." एक हात भिंतीवर ठेवून, पायऱ्या पायानं चाचपत तिनं सगळ्यांना सुखरूप गॅलरीत आणून सोडलं. कुठं अडखळली म्हणून नाही. लेकीच्या मनात एक शंका येऊन गेली. पण तिनं तो विचार झटकून टाकला.

आणि मग खरोखरच उघडलं. पडदा ओढावा तसं धुकं सरकलं आणि ऊन लखकन गॅलरीत आलं. सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले. फक्त आईनं नाही. तिनं गालाला हात लावून बघितला.

"ऊब लागतेय. उघडलं का गं?"

लेक खुर्चीशेजारी खाली बसली. "कधीपासून, आई?"

"निघायच्या आधीपासूनच. तुला सांगितलं असतं, तर आता कशाला येतेस, म्हणाली असतीस."

"आणि ती होडी?"

"समुद्र आहे म्हटल्यावर असेलच की कुठंतरी. ते गृहस्थ तुला बोलत होते, मला राहवलं नाही." आईनं पदर सारखा केला. "बरं, आता तू सांग. काय काय आहे समोर?"

"निळंशार, अथांग पाणी…" लेकीनं सवयीनं सुरू केलं.

"ते गिऱ्हाइकांना. मला खरं सांग."

तिनं मान वर करून पाहिलं. इतकी वर्षं इथं काढून समुद्राकडे असं बघितलंच नव्हतं. "पाणी गढूळ आहे, आई. चहाचं भांडं विसळल्यावर असतं ना, तसं. वाळूत कुणाची तरी एकच चप्पल पडलीय. आणि एक कुत्रं आहे. लाट गेली की तिच्यावर भुंकतं, आली की शेपूट घालून पळतं."

आई खुदकन हसली. "कसल्या रंगाचं गं?"

लेकीनं पुन्हा पाहिलं. ऊन, पाणी, वाळू, कुत्रं, सगळं एकमेकांत मिसळून वाहायला लागलं होतं.

"थांब जरा, आई. मला काही दिसेना."

"काही घाई नाही," आई म्हणाली. लेकीचे डोळे पुसायला निघालेला तिचा हात आधी नाकावर गेला.