लाटण्याशिवाय पातेल्याला हात नाही

"जी गोष्ट दहा वर्षांच्या पोराला समजत नाही, ती सांगणाऱ्यालाच समजलेली नसते!" बुद्धपौर्णिमेच्या सकाळी उत्तमरावांनी असं जाहीर केलं आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

रेल्वेच्या सिग्नल खात्यात हयात काढलेला माणूस! नात गौतमी कम्प्युटरच्या डिप्लोमाला होती. तिचं पुस्तक त्यांनी तिच्याआधीच वाचून संपवलं होतं. हिंदी मुलखातल्या त्यांच्या खातीपुरा वस्तीतल्या मराठी मंडळींसाठी दरवर्षी त्यांची बायको रत्नमालाबाई खीर करत. यंदा उत्तमरावांनी ते काम हट्टाने मागून घेतलं. खीरही होईल आणि शेजारच्या मयूरी-संकेत या पोरांना पुस्तकातला धडाही मिळेल!

"बिघडली तर लोकांच्या तोंडात काय घालू? तुमचं पुस्तक?" बुद्धवंदनेचा हॉल सजवायला निघालेल्या रत्नमालाबाईंनी विचारलं.

"तू निर्धास्त जा!"

पातेलं गॅसवर चढलं. उत्तमराव गुडघे सावरत पोरांसमोर बसले.

"कम्प्युटरच्या पोटात एका वेळी पुष्कळ कामं चालतात. प्रत्येक काम आपापल्या खोलीत. दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही! मग एकमेकांना काही द्यायचं कसं?"

"आवाज द्यायचा!" संकेत ओरडला.

"शाब्बास! तो झाला निरोप. पण दर वेळी निरोप्या धावणार, वेळ जाणार. त्यापेक्षा मधे एक सामायिक जागा ठेवू. याने टाकावं, त्याने घ्यावं. आपलं हे पातेलं!"

संकेत गॅलरीत बदाम सोलायला बसला, मयूरी बाहेरच्या खोलीत वेलदोडे. थोड्या वेळाने संकेतने खीर चाखली. अगोड! तो साखरेचा डबा शोधू लागला. तेवढ्यात मयूरीने चाखली. अगोडच! ती साखर आणायला आपल्या घरी पळाली. दोघांनीही साखर ओतली. खिरीचा पाक झाला!

"आजोबा, हा तर पुस्तकातलाच घोटाळा!" गौतमी हसून लोटपोट. "दोघांनी जुनंच बघितलं आणि दोघांनी बदललं!"

"न शिकवता जमलं पोरांना!" उत्तमरावांची छाती ढोलासारखी फुगली. त्यांनी डेअरीच्या बूथवरून दूध आणून खीर दुप्पट केली आणि लाटणं उंचावलं.

"आता कुलूप! रेल्वेच्या एकेरी लाईनवर ज्याच्या हाती टोकन, त्याचीच गाडी. हे आपलं टोकन. ज्याच्या हाती लाटणं, त्यानेच पातेल्याला, पळीला, गॅसला हात लावायचा. बाकीच्यांनी थांबायचं. आभाळ कोसळलं तरी!"

"मतलब, तुम्हीपण?" मयूरीने विचारलं.

"मीपण!"

काय शिस्त ती! लाटणं या हातातून त्या हातात, नुसती मालगाडी! शेवटी ते उत्तमरावांकडे आलं. ते ढवळत होते, तोच खालून बँकेतल्या जयंतरावांनी हाक मारली, "काय उत्तमराव, खीर आहे ना?"

उत्तमराव खाली गेले. लाटण्यासकट!

"अहो, पोरं नाहीत, हिरे आहेत!" फाटकात उभं राहून त्यांनी लाटणं नाचवलं. "नियम म्हणजे नियम!"

"आजोबा, लाटणं!" वरून तिघं ओरडली.

"ऐकलंत? विचारल्याशिवाय बोट लावत नाहीत!"

"आजोबा, खाली लागतेय!"

"हालहवालही कळवतात!"

रस्त्यावरून जाणारा भाजीवाला थबकला. "अंकलजी, आंटी ने घर से निकाल दिया क्या?"

आंटी, म्हणजे रत्नमालाबाईच, समोरून येत होत्या. फाटकातच त्यांच्या नाकात करपल्याचा वास शिरला. त्या जिना चढून वर धावल्या आणि खटकन गॅस बंद केला.

"आजी, तुझ्याकडे लाटणं नव्हतं!" संकेत घाबरून म्हणाला.

"मला लागत नाही!"

पातेल्याच्या तळाशी डांबरी रस्ता झाला होता.

दुपारी हॉलमध्ये खिरीऐवजी केळी वाटली गेली. जयंतरावांनी केळं सोलत मयूरीला विचारलं, "झालं तरी काय?"

"सोपं आहे, काका. सामायिक वस्तूला कुलूप हवं. पण किल्ली घेऊन कुणी निघून गेलं, तर बाकीचे बिचारे उभेच राहतात. काम बुडतं."

उत्तमरावांचे डोळे भरून आले. दहा वर्षांची पोर! एक शब्द चुकली नाही!

"आणि किल्ली घेऊन गेलं कोण?" जयंतरावांनी विचारलं.

"मी!" उत्तमराव उठूनच उभे राहिले. "मीच! उदाहरण द्यायला कुणीतरी लागतंच ना!"

रत्नमालाबाईंनी सगळ्यांना एकेक केळं दिलं, आणि उदाहरणाला तेवढं वगळून पुढे गेल्या.