पाच आदर्श पाकिटं

सिदोआर्जोच्या त्या क्रुपुकच्या, म्हणजे तळायच्या पापड्यांच्या, कारखान्यात पाकिटं भरणारं एक यंत्र होतं, पाकिटं खोक्यात रचणाऱ्या अकरा बायका होत्या, एक तराजू, एक काचेचं कपाट आणि एक भिंत होती. भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवलेला होता. त्यावर तीन आडव्या रेषा होत्या : मधली २५० ग्रॅमची, वरची २५४ची, खालची २४६ची. एका ग्रॅमला एक सेंटिमीटर. कागद खाली २४० ग्रॅमपाशी संपत होता, कारण त्याखाली वजन जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

पुर्वांतीचं काम सोपं होतं. दर तासाला पाच पाकिटं उचलायची, त्यांच्या सरासरी वजनाचा ठिपका आलेखावर द्यायचा, आणि ठिपका रेषांबाहेर गेला तर यंत्र थांबवून कारण शोधायचं. संख्याशास्त्राची पदवी घेऊन ती याच कामासाठी आली होती. नोकरी कराराची होती. सलग शंभर दिवस ठिपका रेषांच्या आत राहिला, तर कायम करू असं मुख्य कचेरीनं लेखी कळवलं होतं.

तिसऱ्याच दिवशी ठिपका २५५वर गेला. नियमानुसार तिनं यंत्र थांबवलं. नियमानुसारच मग खुलासापत्र भरावं लागलं. त्यात एकोणीस रकाने होते, त्यांतला एक ‘कारणामागील कारण’ आणि त्याखालचा ‘त्यामागील कारण’. सह्या सहा. त्यांतली एक सही करणारे अधिकारी निवृत्त होऊन मलांगला राहायला गेले होते, पण फॉर्मवरचं त्यांचं नाव निवृत्त झालं नव्हतं. सहीसाठी पुर्वांती बसनं मलांगला जाऊन आली. तोवर यंत्र बंद होतं.

ती परतल्यावर मुल्योनो मुकादमांनी ढिगातून पाच पाकिटं निवडली. प्रत्येक बरोबर २५० ग्रॅम. ती त्यांनी काचेच्या कपाटात ठेवली.

“आता दर तासाला ह्यांचंच वजन करायचं,” ते म्हणाले. “ह्यांच्यात खोट निघायची नाही.”

“काका, उद्या ही पाकिटं कालची होतील.”

“परवाही हीच असतील. सातत्य सातत्य म्हणतात ते दुसरं काय असतं, पोरी?”

दिवसांची मोजणी नव्यानं सुरू झाली. आलेख पाटावरच्या शेवईसारखा सरळ जाऊ लागला. मुख्य कचेरीनं अभिनंदनाचं पत्र धाडलं, आणि इतर शाखांचे लोक कपाट बघायला येऊ लागले. त्यांना चपला बाहेर काढायला सांगत.

असे एकोणसत्तर दिवस गेले. मग हवा दमट झाली. पाकिटांना टाचणीएवढी भोकं असतात, त्यांतून कच्चे क्रुपुक ओल पितात. कपाटातली पाकिटं २५१ झाली, मग २५२. रेषांच्या आतच होती, पण नियमावलीत कलम नऊ होतं : सलग सात ठिपके मधल्या रेषेच्या वर पडले, तर त्या दिवशी यंत्राची वजनाची खाच दोन ग्रॅमनं खाली आणावी. मुल्योनोंनी खाच खाली आणली. दुसऱ्या दिवशीही ठिपके वरच होते. त्यांनी पुन्हा खाली आणली.

पुर्वांतीनं त्यांना समजावून सांगितलं की यंत्र कितीही खाली आणलं तरी कपाटाला ते कळणार नाही. मुल्योनोंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“कलमात खाच यंत्राची लिहिली आहे,” ते म्हणाले. “कपाटाचं नाव कुठं आहे?”

तिला कायम व्हायचं होतं. तिनं कपाटातल्या पाकिटांचा पुढचा ठिपका दिला.

मुख्य कचेरीच्या लक्षात आलं की एका टनातून पूर्वी चार हजार पाकिटं निघत, ती आता पाच हजारांवर गेली आहेत. आलेखामुळे दर्जा आणि कार्यक्षमता एकदम वाढते असं परिपत्रक सगळ्या शाखांना गेलं. सोबत पाच-पाच पाकिटं गेली.

त्याच आठवड्यात पुर्वांतीला आईचा फोन आला. तिची बाजारात तळलेल्या क्रुपुकची टपरी होती. कारखान्याच्या एका पाकिटात तिचे दोन पत्र्याचे डबे भरत.

“आता दीड भरतो,” आई म्हणाली. “लोक म्हणतात, म्हातारी निम्मे घरी नेते. वीस वर्षं धंदा केला मी. तू तिथं वजनच करतेस ना गं?”

शंभराव्या दिवशी सकाळी पुर्वांतीनं यंत्राखालून पाच पाकिटं उचलली. सरासरी १८८ ग्रॅम. तिनं टेप घेतली आणि मधल्या रेषेपासून बासष्ट सेंटिमीटर खाली मोजलं. ठिपका कागद ओलांडून भिंतीवर आला, टेबलाच्या थोडा वर, चहाच्या जुन्या डागाशेजारी.

दुपारी समारंभ होता. पिवळ्या भाताचा उंच शंकू कपाटासमोर मांडला होता. सुराबायाहून आलेले संचालक हार्जंतो यांची नजर भिंतीवर गेली. मुल्योनो घाईनं म्हणाले, चहाचा डाग आहे.

“ठिपका आहे, साहेब,” पुर्वांती म्हणाली. “खऱ्या पाकिटांचा. मी दिलाय.”

संचालक वाकले. त्यांनी आधी कागदाची खालची कड पाहिली, मग ठिपका.

“कागदावर आहे का?”

“नाही, साहेब. कागद पुरला नाही.”

“मग रेषांबाहेर गेला असं कसं म्हणता येईल? बाहेर जायला आधी आलेखावर असावं लागतं.”

सगळ्यांना ते पटलं. भाताचं टोक मानाचं, ते तिच्या पानात वाढलं. सोबत कायम केल्याचं पत्र दिलं. तिनं दोन्ही घेतलं. संध्याकाळी भिंतीला रंग लावला.

कायम झाल्यावर तिला बढती म्हणून तक्रार विभाग मिळाला. तिमाहीत एकच तक्रार आली. टपरीवाल्या एका बाईनं शेजारच्या मासेवाल्याच्या तराजूवर पाकीट ठेवून पाहिलं होतं. उत्तराचा मजकूर छापलेलाच होता : कपाटातील पाकिटांचं वजन तपासलं असता ते २५३ ग्रॅम भरलं, म्हणजे ग्राहकास तीन ग्रॅम जास्तच मिळत आहेत. खाली ‘तक्रारदाराशी नातं’ असा रकाना होता. पुर्वांतीनं ‘मुलगी’ लिहिलं, सही केली आणि तिमाहीचा तक्ता भरायला घेतला.

विकलेली पाकिटं : ६,१२,०००.

घेणाऱ्यानं वजन करून पाहिलेली : १.